अंगावर आलंय, पण काय आलंय?

"मॅडम, नमस्कार. आम्ही ऊसतोडीवरून पाडव्याला गावी आलो. माझ्या तीन वर्षांच्या लेकराला ताप आला अन् काल अंगावर आलं. वस्तीवर आणखी दोन लेकरांना तसंच आहे. सासूबाई म्हणतात गोवर आहे, दवाखान्यात नेलं तर तो पोटात जातो. शेजारच्या काकू म्हणतात कांजिण्या. गावातल्या डॉक्टरांनी औषधाची ॲलर्जी सांगितली. दिरानं मोबाईलवर फोटो बघितले, पण सगळे सारखेच दिसतात. जाऊबाईला तिसरा महिना आहे. नणंद सात महिन्यांचं बाळ घेऊन माहेरी आली आहे. हे नेमकं काय ते घरच्या घरी कसं ओळखायचं?"
— एक वाचक, केज तालुका, जि. बीड (पत्र थोडं आटोपशीर केलं आहे)

ताई, तुमचा निरोप मंगळवारी रात्री आला. सदर छापून यायला आठवडा जातो आणि तुमच्या प्रश्नाला तेवढा धीर नव्हता, म्हणून बुधवारी सकाळीच तुम्हाला फोन लावला. आज लिहितेय ते तुमच्यासाठी थोडं आणि असंच काही घरात सुरू असलेल्या बाकीच्यांसाठी जास्त.

मूळ पत्रात तुम्ही पुरळाचं वर्णन अर्धं पान केलं होतं. तापाविषयी मात्र एकच शब्द होता: "आला". सगळेच असं करतात. अंगावर जे उठतं ते डोळ्यांत भरतं, त्याआधीचे चार दिवस कुणाच्या लक्षात राहत नाहीत. पण ओळख पटते ती त्या चार दिवसांवरून. फोटोत पुरळ दिसतं, दिवस दिसत नाहीत. त्यामुळं दिराला फोटो सारखे वाटले यात त्याचं काही चुकलं नाही. बावीस वर्षं लेकरं तपासतेय, तरी नुसत्या फोटोवरून मीही पैज लावणार नाही.

फोनवर मी तुम्हाला काय विचारलं ते आठवा. ताप कोणत्या वारी आला? गुरुवारी. सोबत काय होतं? शुक्रवारपासून ठसका, नाक गळतंय, सकाळी डोळे चिकटतात, उजेडाकडं बघत नाही. पुरळ सगळ्यात आधी कुठं दिसलं? हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. तुम्ही फोन सासूबाईंकडं दिलात आणि त्या ताडकन म्हणाल्या, "सोमवारी तेल लावताना कानामागं हाताला लागलं, मग कपाळ, रातच्याला पोटावर उतरलं." पुरळ आलं तेव्हा ताप उतरला की चढला? चढला. बास. या चार उत्तरांनंतर माझा संशय गोवरावर गेला आणि म्हणून त्याच दिवशी दाखवायला सांगितलं. घरात लेकराच्या अंगावरून रोज हात फिरवणारं माणूस हाच पहिला साक्षीदार असतो, आणि तुमच्या घरी त्या सासूबाई आहेत. त्यांच्याशी भांडू नका, त्यांना विचारत चला.

गोवराची चाल अशीच असते. आधी तीन-चार दिवस चढता ताप, कोरडा खोकला, वाहतं नाक, लाल डोळे. मग केसांच्या कडेनं आणि कानामागून पुरळ सुरू होतं आणि वरून खाली उतरत दोन-तीन दिवसांत पायापर्यंत पोचतं. पुरळ उठताना ताप कमी होत नाही, उलट भडकतो. पुस्तकांतले फोटो गोऱ्या कातडीचे असतात, लालभडक. आपल्या सावळ्या अंगावर ते लाल दिसतच नाही, जरासं काळपट दिसतं नाहीतर नुसतं चेहरा सुजल्यासारखं वाटतं. म्हणून बल्बखाली बघू नका. दारात, दिवसाच्या उजेडात बघा आणि पालथा हात फिरवा. हाताला खरबरीत लागतं. आठवड्यानं तपकिरी डाग राहतात आणि कोंडा पडल्यासारखं कातडं निघतं.

एक खूण मात्र तोंडात असते. मोबाईलची बॅटरी लावा, चमच्याच्या दांड्यानं गाल हळूच बाजूला करा आणि दाढांच्या समोर गालाच्या आतल्या बाजूला बघा. लालसर जागेवर रव्याच्या कणाएवढे पांढरे ठिपके दिसले तर तो गोवरच असण्याची शक्यता फार मोठी. हेन्री कॉपलिक नावाच्या न्यूयॉर्कच्या बालरोगतज्ज्ञानं १८९६ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांचं नाव त्याच्यावरून पडलं. गंमत अशी की हे ठिपके पुरळाच्या एक-दोन दिवस आधी येतात आणि पुरळ उठल्यावर लवकरच जातात. म्हणजे पुरळाची वाट बघत बसलात तर ते हुकतात. दिसले नाहीत म्हणून गोवर नाही, असंही नसतं.

गावच्या डॉक्टरांनी ॲलर्जी म्हटलं म्हणून त्यांना नावं ठेवू नका. रविवारी औषध दिलं, सोमवारी पुरळ आलं, तर कुणालाही तसंच वाटेल. माझ्या हातूनही हे झालंय. दवाखाना नवा होता. चौदा महिन्यांचं लेकरू, तापाचा चौथा दिवस, दुसरीकडून सिरप सुरू केलेलं आणि कपाळावर पुरळ. मी सिरप बंद केलं, खाजेचं औषध लिहिलं आणि घरी पाठवलं. तोंडात बॅटरी मारायचा कंटाळा केला. चार दिवसांनी तेच लेकरू न्यूमोनिया घेऊन परत आलं. वाचलं, पण ऑक्सिजनवर पाच दिवस काढले. त्या पहिल्या संध्याकाळी माझ्या बाकड्यावर त्याच्या शेजारी नुसत्या सर्दीसाठी आणलेलं आठ महिन्यांचं बाळ बसलं होतं. दोन आठवड्यांनी त्यालाही गोवर निघाला. गोवराचा विषाणू रोगी उठून गेल्यावरही दोन तासांपर्यंत खोलीतल्या हवेत टिकतो, हे मी शिकले होते, पण बाकड्याकडं बघून आठवलं नव्हतं. तेव्हापासून ताप-पुरळाचं लेकरू आमच्याकडं आत येत नाही, मीच बाहेर लिंबाखाली जाऊन बघते. तुम्हीही दवाखान्यात जाण्याआधी फोन करा आणि गर्दीत बसू नका.

औषधाची ॲलर्जी ओळखायची तर बघा: तिला बहुतेक वेळा खाज फार असते, आणि आधी खोकला, नाक, डोळे असा लवाजमा नसतो.

आता जाऊबाईंकडं वळते, कारण मला तुमच्या लेकरापेक्षा त्यांचीच काळजी जास्त वाटली. गोवरासारखाच दिसणारा, पण त्याच्यापेक्षा कितीतरी सौम्य असा एक आजार आहे: रुबेला. कुणी त्याला जर्मन गोवर म्हणतं, कुणी तीन दिवसांचा गोवर. ताप बेताचा, पुरळ फिकं, चेहऱ्यावरून खाली उतरतं आणि तिसऱ्या दिवशी मावळतंही. लेकरू खेळत असतं. घरी बोट फिरवून बघण्याजोगी एकच खूण: कानामागं आणि मानेच्या मागच्या बाजूला, केसांच्या मुळाशी, हरभऱ्याएवढ्या दुखऱ्या गाठी. लेकराला रुबेला झाला तर चार दिवसांत विसरून जावं इतका साधा. पण तोच पहिल्या तीन महिन्यांतल्या गरोदर बाईला झाला तर पोटातल्या बाळाच्या डोळ्यांत मोतीबिंदू, हृदयात दोष, कानांना बहिरेपणा. सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ मध्ये हे जगासमोर आणलं. त्यांच्याकडं जन्मजात मोतीबिंदूची बाळं एकापाठोपाठ येऊ लागली, आणि त्यांच्या आयांनी सांगितलं की दिवस गेले तेव्हा अंगावर असंच काहीतरी आलं होतं. म्हणजे तिथंही उत्तर पुरळात नव्हतं, आयांच्या आठवणीत होतं.

सौम्य गोवर आणि रुबेला नुसत्या नजरेनं वेगळे करता येत नाहीत. मला येत नाहीत, कुणी "मी बघूनच सांगतो" म्हणालं तर त्यालाही येत नाहीत. त्यासाठी रक्ताची आयजीएम तपासणी (ताज्या लागणीनं रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्यं शोधणारी) लागते, आणि एकाच नमुन्यात दोन्ही बघता येतात. पुरळ आल्यापासून २८ दिवसांपर्यंत हे रक्त घेता येतं. पहिल्या तीन दिवसांत घेतलं तर खरा गोवर असूनही कधीकधी निगेटिव्ह येतं. म्हणून लवकर घेतलेल्या रिपोर्टवर "निगेटिव्ह" वाचून हुरळून जाऊ नका, डॉक्टर पुन्हा घ्या म्हणाले तर घ्या. सुरुवातीच्या दिवसांत घशातला बोळाही पाठवतात. सरकारी यंत्रणेमार्फत हे फुकट होतं. ताप आणि पुरळ असलेलं प्रत्येक लेकरू कळवायचं, असा नियमच आहे. आशाताईंना सांगणं म्हणजे चहाडी नव्हे. वस्तीवर तीन लेकरं एकदम आजारी आहेत हे आरोग्य केंद्राला तुमच्याशिवाय कळणार कसं?

जाऊबाईंनी आजच्या आज बाळंतपणाच्या डॉक्टरांना भेटून "घरात पुरळाचा ताप आहे" एवढं सांगावं. त्या रक्त तपासतील, अंगात आधीपासून संरक्षण आहे का बघतील आणि गरज पडली तर काही आठवड्यांनी पुन्हा तपासतील. बालपणी कांजिण्या झाल्या होत्या का, हेही त्यांना आईला विचारून ठेवू द्या. गरोदरपणात गोवर-रुबेलाची लस देत नाहीत, त्यामुळं "आता टोचून घेते" हा मार्ग बंद. आणि लगेच माहेरी धाडू नका. त्या आठ-दहा दिवस याच घरात लेकरासोबत होत्या. आजार अंगात मुरत असेल तर तो माहेरच्या लेकरांकडं जाईल. घरातच वेगळी खोली द्या.

कांजिण्यांचं शेजारच्या काकूंना सांगा, ओळखायला हा यातला सगळ्यात सोपा आजार. कपाशीचं झाड आठवा: एकाच वेळी पातं, फूल, बोंड आणि फुटलेला कापूस. कांजिण्या तशा असतात. पोट-पाठीवर एक ठिपका, त्याशेजारी पाण्यानं भरलेला टपोरा फोड, त्याच्याशेजारी सुकलेली खपली, सगळं एकाच दिवशी, आणि खाज. डोक्याच्या केसांतही फोड सापडतात, जिथं बघायचं कुणाला सुचत नाही. शेवटच्या फोडाची खपली धरेपर्यंत लेकरू अंगणवाडीत जाऊ देऊ नका. ॲस्पिरिन देऊ नका, कांजिण्यांत त्यानं लिव्हर आणि मेंदूला धोका होतो. तापासाठी पॅरासिटामॉल पुरे. लेकरांना सहसा नुसती विश्रांती पुरते, मोठ्या माणसाला झाल्या तर मात्र पहिल्याच दिवशी डॉक्टर गाठा, विषाणूवरचं औषध लवकर सुरू केलं तरच त्याचा उपयोग होतो.

पावसाळ्यात मला दुसराच प्रश्न येतो: "मॅडम, गोठ्यात लाळ्या-खुरकूत होती, ती पोराला लागली का?" तळहात, तळपाय, ढुंगण यांवर फोड आणि तोंडात जखमा, लाळ गळते, दूधही नको म्हणतं. दिसायला सारखं वाटतं, नावही सारखंच लावतात, पण जनावराचा विषाणू वेगळा आणि हा वेगळा. माणसांतला हा हँड-फूट-माउथ आजार लेकराकडूनच लेकराला जातो. लम्पीचंही तसंच, ती माणसाला होत नाही. या हात-पाय-तोंडाच्या फोडांत बहुतेक लेकरं आठवड्यात बरी होतात. काहींची महिन्याभरानं नखं गळतात, तेव्हा आया घाबरून येतात. नवी येतात.

एक वर्षाच्या आतबाहेरच्या बाळांना आणखी एक ताप येतो, तो गोवराच्या अगदी उलट्या चालीचा. तीन-चार दिवस सणकून ताप, खोकला नाही, डोळे स्वच्छ. मग ताप खाडकन उतरतो आणि त्यानंतर पुरळ येतं. ताप आणि पुरळ एकत्र नांदतच नाहीत. गुलाबी ताप म्हणा हवं तर, रोझिओला हे त्याचं नाव. याला काही करावं लागत नाही. पण ताप उतरल्यावर पुरळ आलं, हात-पाय गार पडतायत आणि पोटात दुखतंय, तर डेंग्यूचा विचार करावाच लागतो. डेंग्यूत ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवसच खरे धोक्याचे असतात, आणि नेमके तेव्हाच लोक "उतरला" म्हणून निर्धास्त होतात. डेंग्यूचा संशय असेल तर ब्रुफेनसारख्या गोळ्या टाळा.

विषाणूचा नसलेला एक आजार इथं सांगते, कारण तुम्ही शेतात राबणारी माणसं. ताप आठवडाभर हटत नाही आणि काखेत, जांघेत, कमरेपाशी बिडीचा चटका बसल्यासारखी एक काळी खपली सापडते. तो स्क्रब टायफस, गवतातल्या बारीक किड्यानं चावून होतो. औषध स्वस्त आहे आणि वेळेत मिळालं तर भराभर काम करतं. पण खपली दुखत नाही, म्हणून ती कुणी सांगत नाही. कपडे काढून बघावं लागतं.

आणि एक काचेचा ग्लास हाताशी ठेवा. पुरळावर दाबून आरपार बघा. गोवर, रुबेलाचं पुरळ सुरुवातीच्या दिवसांत दाबलं की फिकं पडतं. जांभळे ठिपके दाबूनही तसेच राहिले आणि लेकरू मलूल असेल, तर पत्र लिहू नका, गाडी करा.

आता सासूबाई. गोवर "पोटात जातो" ही भीती मला नवी नाही. पुरळ लवकर मावळलं आणि लेकरू दगावलं, असं जुन्या बायकांनी बघितलेलं असतं. खरं कारण बहुतेक वेळा न्यूमोनिया असतो. औषधानं पुरळ आत जात नाही. लेकराला अंधाऱ्या खोलीत ठेवायचं, दारात लिंबाचा पाला लावायचा, परक्यांना आत घ्यायचं नाही, फोडणीचा धूर होऊ द्यायचा नाही, यातलं मी काहीच मोडायला सांगणार नाही. डोळ्यांना उजेड सहन होत नसतो, धुरानं खोकला वाढतो, आणि पाहुणा न येणं तर उत्तमच. दहीभात सोसत असेल तर लेकराला द्या. मोडायचं ते एवढंच: उपाशी ठेवणं, आंघोळ आणि डोळे पुसणं बंद करणं आणि पाच दिवस दवाखान्याला शिवू न देणं. सासूबाई साठीच्या आहेत म्हणालात ना? त्यांच्या दंडावर बघा, रुपयाएवढा व्रण असेल. देवीची लस. त्या लसीमुळंच देवी इतक्या गेल्या की १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्या संपल्याचं जाहीर केलं. आज कुणाला "देवी आल्या" म्हटलं तर त्या कांजिण्याच असतात. व्रणाची गोष्ट त्यांना त्यांच्याच तोंडून सांगायला लावा, माझ्यापेक्षा त्या चांगली सांगतील.

गोवराच्या लेकराला जीवनसत्त्व अ चे दोन डोस लागतात, आज एक आणि उद्या एक. आधी अंगणवाडीत दिलं असलं तरी. वर्षापुढच्याला प्रत्येकी २ लाख युनिट, सहा ते अकरा महिन्यांच्याला १ लाख, त्याहून लहानाला ५० हजार. डोळे जाण्याचा आणि दगावण्याचा धोका यानं कमी होतो. हे मागून घ्या, विसरलं जातं. गोवराच्या विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, ते कान फुटला, न्यूमोनिया झाला तरच. पुरळ येऊन चार दिवस झाले तरी ताप आहे, किंवा उतरून परत चढला, श्वास भरभर चाललाय, बरगड्या आत ओढल्या जातायत, पाणी पीत नाही, झोपेतून उठत नाही, बुबुळ धुरकट दिसतंय: यातलं एक जरी असलं तरी रात्र काढू नका.

नणंदेच्या सात महिन्यांच्या बाळाचं तुम्ही विचारलंच नव्हतं, पण तेच घरात सगळ्यात उघडं आहे. लस नवव्या महिन्याला असते, त्याआधी ते आईकडून आलेल्या थोड्याफार संरक्षणावर असतं. लागण झाल्यापासून ७२ तासांत लस दिली तर आजार अडू शकतो किंवा सौम्य होतो, आणि साथ असेल तिथं सहाव्या महिन्यापासूनही ती देतात. पण पुरळाच्या चार दिवस आधीपासून लेकरू आजार पसरवत असतं, त्यामुळं तुमच्या घरात तो वेळ बहुधा निघून गेलाय. डॉक्टरांना "सहा दिवस उलटलेत का" हेही विचारा, तेवढ्यात असेल तर प्रतिद्रव्यांचं इंजेक्शन देता येतं. वस्तीवरच्या ज्या लेकरांना अजून काही झालं नाही त्यांना मात्र आजच लस द्यायला लावा, पाच वर्षांपर्यंत राहिलेला डोस देता येतो.

तुमच्या लेकराचा पहिला डोस झाला, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत व्हायचा होता तेव्हा तुम्ही फडावर होतात. कार्ड गावी पत्र्याच्या पेटीत. आमच्या भागात हे घरोघरी आहे: दिवाळीच्या सुमाराला कोयता निघतो आणि लस नेमकी त्या सहा महिन्यांत येते. कारखान्याच्या गावातल्या सरकारी दवाखान्यातही हीच लस फुकट मिळते, कर्नाटकातही. कार्ड पेटीत नको, उचलीच्या कागदासोबत पिशवीत ठेवा. त्याचा फोटो मोबाईलमध्येही ठेवा.

आणि एक वही करा, किंवा कॅलेंडरवरच लिहा: ताप गुरुवार, खोकला शुक्रवार, कानामागं सोमवार. डॉक्टरांपुढं ते पान धरा.

काल आशाताईंचा फोन आला, तिन्ही लेकरांचे नमुने गेले आहेत. रिपोर्ट यायचा आहे. तुमच्या लेकराचा ताप उतरू लागलाय, पण पुरळाच्या दिवसापासून चार दिवस पुरे होईपर्यंत त्याला कुणात मिसळू देऊ नका. सासूबाईंनी आशाताईंकडून विचारलंय म्हणे, दारावरचा लिंबाचा पाला काढायचा का. राहू द्या. तो दिसला की बाया दारातूनच परत जातात.